पहिल्या वर्षाचा ताळेबंद

बारावीचे निकाल लागले म्हणजे आमच्या पेठांतून पेढ्यांचा खप वाढतो, गुणवंतांची छायाचित्रे झळकतात आणि चौकाचौकांतून अभिनंदनाचे फलक उभे राहतात. पुढे प्रवेशाची धांदल उडते. कोणास कोठे जागा मिळाली, कोणाची यादी किती गुणांवर अडली, फी किती पडली, याची चर्चा महिना-दोन महिने दुकानांच्या फळ्यांवर आणि घरांच्या ओसऱ्यांवर चालते. प्रवेश मिळाला की ती एकाएकी थांबते. मुलगा कॉलेजात गेला, आता तीन-चार वर्षांनी पदवी घेऊनच बाहेर पडेल, असे गृहीत धरून आईबाप, कॉलेज आणि सरकार हे सर्वजण आपापल्या उद्योगास लागतात. परंतु पदवीच्या वाटेवरील अवघड घाट शेवटी नसून आरंभीच आहे, आणि तो चढताना त्या मुलाचा हात धरावयास बहुधा कोणीही नसते, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात येते. दिवाळीच्या सुट्टीत जो विद्यार्थी ट्रंक घेऊन घरी परततो आणि सुट्टी संपल्यावर माघारी जात नाही, त्याचे छायाचित्र कोणी छापीत नाही. आज त्याच्याविषयी चार शब्द लिहावयाचे आम्ही योजिले आहे.

हा विद्यार्थी कोण, हे आधी पाहिले पाहिजे. शहरातील वकील-डॉक्टरांच्या घरातील मुलास कॉलेजाचे पहिले वर्ष जड जात नाही असे नाही. परंतु त्याला विचारावयास घरात कोणी तरी असते. आम्ही बोलतो ते तालुक्याच्या गावी मराठी शाळेत शिकून पुणे, मुंबई किंवा नागपुरास आलेल्या, आणि घराण्यात कॉलेजचा उंबरठा पहिल्याने ओलांडणाऱ्या मुलामुलींविषयी. एका आठवड्यात यांच्या भोवतीचे सारे जग पालटते. कालपर्यंत मास्तर नावाने हाक मारीत; आज शंभर-सव्वाशेंच्या वर्गात तो एक क्रमांक होऊन बसतो. कालपर्यंत पाठ मराठीत होता. आज लेक्चर इंग्रजीत, पुस्तक इंग्रजीत, आणि शंका विचारावयाची तर तीही इंग्रजीतच विचारली पाहिजे अशी समजूत. कालपर्यंत जेवण आईच्या हातचे. आज महिन्याचे पैसे आगाऊ मोजून खाणावळीचा डबा. त्यात प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्या म्हणजे शेवटच्या फेरीत आलेल्यास निम्मी सहामाही बुडाल्यावर वर्गाचे तोंड दिसते; परीक्षा मात्र सर्वांबरोबरच. राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 साली आले, आणि 2024-25 पासून महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांतही त्याप्रमाणे अभ्यासक्रम लागू झाला. मुख्य विषय, गौण विषय, खुला ऐच्छिक विषय, कौशल्याचा विषय, आणि त्या प्रत्येकाची श्रेयांके, अशी जी मांडणी त्याने केली आहे ती उलगडून सांगताना जाणत्यांसही घाम फुटतो. मग ज्याच्या बापाने कॉलेज आतून पाहिले नाही, त्याने विषय निवडावे ते कोणाच्या सल्ल्याने? तो शेजारच्या बाकावरील मुलगा जे निवडतो तेच निवडतो.

यावर आमच्या पिढीतील पुष्कळांचे ठरलेले उत्तर असे, की "आमच्या वेळी हे लाड कोणी केले नव्हते, हाल काढले म्हणूनच आम्ही माणसे झालो." हे उत्तर ऐकावयास बाणेदार आहे, पण ते तपासून पाहू. लोकमान्य टिळक डेक्कन कॉलेजात गेले तेव्हा त्यांची प्रकृती कृश होती. ती सुधारल्यावाचून पुढील कार्य होणार नाही असे मनाशी ठरवून त्यांनी पहिले वर्ष तालीम, पोहणे आणि व्यायाम यांत घालविले, आणि त्या वर्षीच्या परीक्षेत ते नापास झाले. पुढे तेच गणित घेऊन पहिल्या वर्गात बी. ए. झाले. त्यांचे मित्र आगरकर यांची गरिबी तर अशी, की एकुलता एक सदरा रात्री धुऊन सकाळी तोच अंगात घालावा लागे, ही हकीकत महाराष्ट्रास तोंडपाठ आहे. या दोन उदाहरणांवरून आमचे मित्र असा निष्कर्ष काढतात, की ज्याच्यात तेज आहे तो तरतोच. आम्ही निराळा निष्कर्ष काढतो. पहिल्या वर्षी नापास होणे हा बुद्धीचा निवाडा नव्हे, हे टिळकांच्या चरित्रावरून सिद्ध होते. आणि आगरकरांसारखा असामान्य पुरुष ज्या हालांतून निभावला त्यांत त्यांच्याबरोबरची किती सामान्य पण भली मुले बुडाली असतील, याची गणती कोणीच ठेविली नाही. जे तरले त्यांची चरित्रे लिहिली गेली. जे बुडाले त्यांचा पत्ता नाही. अशा एकतर्फी पुराव्यावर कोणतेही न्यायालय निकाल देणार नाही.

हालांमुळे माणूस घडतो हे खरे मानले असते, तर ज्यांनी बहुजन समाजास शिक्षणाचे दार उघडून दिले त्यांनी वसतिगृहे कशाला बांधली असती? शाहू महाराजांनी 1901 साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले, आणि पुढे निरनिराळ्या जातीजमातींच्या विद्यार्थ्यांकरिता वसतिगृहांची मालिकाच उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1924 साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू केले. पुढे 1947 साली तेथेच कॉलेज काढून 'कमवा आणि शिका' हा मार्ग त्यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यासही मोकळा केला. सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या दरमहा 25 रुपयांच्या शिष्यवृत्तीच्या आधारावर डॉ. आंबेडकर एल्फिन्स्टन कॉलेजात शिकू शकले. आणि तो अनुभव गाठीशी असल्यामुळेच त्यांनी 1946 साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्यास येता यावे म्हणून वर्ग सकाळच्या वेळी ठेविले. या तिघांनीही एकच गोष्ट ओळखली होती. गरिबाच्या शिक्षणाचा प्रश्न हा प्रथम जेवणाचा, निजावयाच्या जागेचा आणि वेळेचा प्रश्न आहे. बुद्धीचा प्रश्न त्याच्यामागून येतो.

आता आजची स्थिती पाहा. सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. 2024 सालच्या जुलैत राज्य सरकारने वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या घरांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ केले. त्याबद्दल सरकारचे अभिनंदनच केले पाहिजे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांपैकी ज्यांना सरकारी वसतिगृहात जागा मिळत नाही त्यांच्याकरिता 2016-17 पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना निघाली. तिच्यात पुण्या-मुंबईसारख्या शहरांकरिता वर्षास 60,000 रुपये ठरविले गेले. त्यांपैकी 32,000 जेवणाचे, 20,000 राहण्याचे आणि 8,000 किरकोळ निर्वाहाचे. आमचे पुष्कळसे वाचक व्यापारी आहेत. हिशेब त्यांनीच करावा. शिक्षणाचे वर्ष दहा महिन्यांचे धरले तर जेवणास दिवसास सुमारे 107 रुपये आणि जागेस महिन्यास 2,000 रुपये पडतात. पुण्यात सदाशिव पेठेत किंवा कोथरुडात महिना 2,000 रुपयांत एक खाट तरी मिळेल काय, हे आम्हांपेक्षा घरमालक वाचकांस अधिक ठाऊक आहे. आणि ही रक्कमही हातात पडावयाची ती अर्ज, दाखले, पडताळणी आणि मंजुरी या चार दिंड्यांतून पार झाल्यावर. खाणावळवाला मात्र पैसे पहिल्या तारखेस मागतो. मंजुरी मार्च महिन्यात आली म्हणून जुलै महिन्याची भूक मागे जाऊन भागत नाही.

भाषेचा प्रश्न याहून जुना आहे. 1857 साली मुंबई विश्वविद्यालय स्थापन झाल्यापासून देशी भाषांस तेथे मानाचे पान मिळावे म्हणून न्यायमूर्ती रानड्यांसारख्यांस आयुष्यभर झगडावे लागले. महर्षी कर्व्यांनी 1916 साली महिला विद्यापीठ काढले तेव्हा मातृभाषेतून उच्च शिक्षण देता येते हे त्यांनी प्रत्यक्ष करून दाखविले. 2021 पासून अभियांत्रिकीचे शिक्षणही मराठीतून देण्यास परवानगी मिळाली आहे. आम्ही इंग्रजीचे शत्रू नव्हे. तिच्यावाचून आजच्या व्यापारात व न्यायालयात पाऊल पुढे पडत नाही, हे आम्ही रोज अनुभवितो. परंतु इंग्रजी शिकणे ही एक गोष्ट, आणि इंग्रजी येत नाही म्हणून रसायनशास्त्रही येत नाही असे ठरविणे ही अगदी दुसरी गोष्ट. ज्या मुलाने बारावीपर्यंत मराठीतून सारे विषय चांगले आत्मसात केले, तो पहिल्या सहामाहीत मुका होऊन बसतो आणि हळूहळू स्वतःस मठ्ठ समजू लागतो. प्रोफेसर मजकुरांनी पहिले सहा-आठ आठवडे तोच सिद्धान्त एकदा मराठीत व एकदा इंग्रजीत सांगितला आणि पारिभाषिक शब्दांची एक द्विभाषी यादी वर्गात वाटली, तर यास एक पैसाही अधिक लागत नाही. लागते ती फक्त इच्छा.

तिसरा विषय वसतिगृहातील छळाचा. येथे आमची वकिली आड येऊ न देता आम्ही स्पष्ट सांगतो, की कायदा अपुरा नाही, कायदा वापरणारे अपुरे आहेत. महाराष्ट्राने 1999 सालीच रॅगिंगविरोधी स्वतंत्र कायदा केला. त्याप्रमाणे अपराध्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिक्षा झालेल्या विद्यार्थ्यास कॉलेजातून काढून टाकून पाच वर्षे कोठेही प्रवेश देता येत नाही. त्याहून महत्त्वाचे कलम संस्थाचालकांविषयीचे आहे. लेखी तक्रार आल्यापासून सात दिवसांच्या आत प्रमुखाने चौकशी केली पाहिजे, आणि तक्रार सकृद्दर्शनी खरी दिसल्यास आरोपी विद्यार्थ्यास निलंबित करून ती पोलीस ठाण्याकडे धाडली पाहिजे. यात कसूर केल्यास त्याने अपराधास साहाय्य केले असे कायदा मानतो. 2009 साली हिमाचल प्रदेशात पहिल्या वर्षाच्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याचा मारहाणीने मृत्यू झाला, सारा देश हळहळला, आणि त्याच वर्षी विश्वविद्यालय अनुदान आयोगाने देशभर नियम लागू केले. नव्या विद्यार्थ्यांस शक्यतो निराळ्या इमारतीत ठेवावे असे त्या नियमांत आहे. विद्यार्थी व पालक या दोघांनी प्रतिज्ञापत्र लिहून द्यावे, असेही आहे. पण ते प्रतिज्ञापत्र कसे भरले जाते? बाप सही करतो, मुलगा सही करतो, आणि कागद पुढे सरकतो. "यात काय लिहिले आहे?" असे विचारले तर "कॉलेजाने मागितले आहे" एवढेच उत्तर मिळते. जो कागद मुलाच्या रक्षणाकरिता निघाला तो फीच्या पावतीसारखा फायलीत जाऊन बसतो, आणि आपल्यावर प्रसंग आल्यास दाद कोठे मागावी, हे ज्याच्याकरिता तो कागद होता त्यालाच ठाऊक नसते.

या साऱ्याचा शेवट कधी कधी फार भयंकर होतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे 2022 या एका वर्षात देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. हे सर्वच पहिल्या वर्षाचे नव्हेत आणि सर्वच कॉलेजातील नव्हेत. प्रत्येकाचे कारण एकच होते असे म्हणणेही अज्ञानाचे होईल. परंतु सर्वोच्च न्यायालयास 2025 सालच्या जुलैत या विषयावर पंधरा मार्गदर्शक तत्त्वे घालून द्यावी लागली, यावरून प्रकरण किती थरास गेले आहे हे समजते. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेने निदान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा. लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी संबंध जोडून ठेवावा. आणि कायदा होईपर्यंत ही तत्त्वे बंधनकारक समजावी, असा तो निकाल आहे. केंद्र सरकारने 2022 साली सुरू केलेली 14416 या क्रमांकावरील दूरध्वनी सेवाही आहे, आणि तेथे मराठीतून बोलता येते. वाचकांनी आपल्या गावच्या कॉलेजात सहज फेरी मारावी आणि समुपदेशकाची खोली कोठे आहे असे विचारावे. जे उत्तर मिळेल त्यावरून त्या कॉलेजची परीक्षा होईल.

नव्या धोरणात आणखी एक कलम आहे, त्याकडे आम्ही विशेष लक्ष वेधू इच्छितो. पहिले वर्ष संपल्यावर प्रमाणपत्र घेऊन विद्यार्थ्यास बाहेर पडता येईल, दुसऱ्या वर्षानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी. बाहेर पडलेल्यास पुन्हा आत येण्याचीही मुभा आहे. योजना कागदावर वाईट नाही. घरची अडचण आलेल्या मुलाचे वर्ष अगदीच फुकट जाऊ नये, हा तिचा हेतू चांगला आहे. परंतु आमच्या समाजाची रीत ज्यांस ठाऊक आहे त्यांस हेही ठाऊक आहे, की या दाराने बाहेर पडणार कोण. व्यापाऱ्याचा किंवा अधिकाऱ्याचा मुलगा एका विषयात राहिला तर त्यास शिकवणी लावतात. 'एटीकेटी' घेऊन तो पुढच्या वर्गाच्या टर्म भरतो आणि वर्षाच्या आत सावरतो. शेतमजुराचा मुलगा राहिला तर तो घरी परततो. आणि मुलगी राहिली तर "शिक्षण काही तिच्या नशिबात दिसत नाही" असे म्हणून त्याच उन्हाळ्यात स्थळे पाहावयास लागतात. बाहेर पडावयाचे दार रुंद करणाऱ्यांनी आत टिकून राहण्याची वाटही तितकीच रुंद केली नाही, तर जी सवलत म्हणून दिली तीच गाळणी होऊन बसेल.

मग उपाय काय? आमची पहिली व मुख्य सूचना अगदी साधी आहे. प्रत्येक कॉलेजने दरवर्षी पहिल्या वर्षाचा ताळेबंद प्रसिद्ध करावा. किती विद्यार्थी आले, किती दुसऱ्या वर्षात गेले, किती मध्येच सोडून गेले, आणि जे गेले त्यांत मराठी शाळांतले किती, मुली किती, शिष्यवृत्तीवरचे किती, हे नोटीस बोर्डावर आणि वर्तमानपत्रात छापावे. आजचे कॉलेज शेवटच्या वर्षाचे निकाल आणि नोकऱ्या मिळालेल्यांची संख्या मोठ्या अक्षरांत छापते. कोणता शहाणा दुकानदार केवळ विकलेल्या मालाचा आकडा पाहून समाधान मानतो? वखारीत माल किती आला, आणि वाटेत गळाला किती, हे तो आधी पाहतो. जोवर गळती मोजली जात नाही तोवर ती कोणाचीच जबाबदारी ठरत नाही.

दुसरी सूचना कॉलेजांना. अनुदान आयोगाने 2019 साली 'दीक्षारंभ' या नावाने नवागतांच्या परिचयाचा कार्यक्रम आखून दिला. तो सत्कार आणि भाषणे यांत एका दुपारी आटोपून न टाकता पहिली सहामाही संपेपर्यंत चालला पाहिजे. वीस-पंचवीस विद्यार्थ्यांमागे एक अध्यापक, आणि त्यांच्याच भागातून आलेला वरच्या वर्गाचा एक विद्यार्थी, असे नेमावे. सलग आठवडाभर गैरहजर राहिलेल्याची चौकशी त्याच्या खोलीवर जाऊन करावी. पंचाहत्तर टक्के हजेरी भरली नाही म्हणून परीक्षेच्या तोंडावर नोटीस लावणे ही चौकशी नव्हे. तिसरी सूचना सरकारास. शिष्यवृत्तीचा व निर्वाहभत्त्याचा पहिला हप्ता प्रवेशाबरोबरच द्यावा, पडताळणी मागाहून करावी. आणि शहरांतील भाड्यांच्या मानाने ती रक्कम दरसाल ठरवावी.

चौथी सूचना आमच्या नागर वाचकांस, आणि ती आम्ही अधिक आग्रहाने करतो. कॉलेजच्या गावातील अर्धा बाजार विद्यार्थ्यांवर चालतो. झेरॉक्सची दुकाने, खाणावळी, खोल्यांची भाडी, जुनी पुस्तके, चहाच्या टपऱ्या, या सर्वांस जून-जुलैची वाट पाहावी लागते. ज्यांच्या पैशावर आपला संसार चालतो त्यांची जात विचारून खोली नाकारावी, मुलीस एकटी आहे म्हणून दार बंद करावे, आणि अनामत बुडवावी, हे व्यापारधर्मास शोभत नाही. प्रत्येक पेठेतील व्यापारी मंडळाने दहा-वीस विद्यार्थ्यांच्या जेवणाची पहिल्या तीन महिन्यांची उधारी पत्करावी. दुकानदारांनी संध्याकाळच्या दोन-तीन तासांचे काम अशा मुलांस द्यावे. गणेशोत्सव मंडळांनी वर्गणीचा एक हिस्सा अभ्यासिकेकडे वळवावा. हा धर्मादाय नव्हे. उद्या याच मुलांतून आपला डॉक्टर, आपला हिशेबनीस आणि आपल्या मुलांचा मास्तर निघावयाचा आहे.

राहता राहिले आईबाप. त्यांस आमची एकच विनंती आहे. मुलगा पहिल्या सहामाहीत नापास झाला तर ते त्याने घरी निर्भयपणे सांगावे, इतका विश्वास त्याला आधीच देऊन ठेवा. "आम्ही शेत गहाण टाकून तुला पाठविले" हे वाक्य खरे असते. परंतु पहिल्या अपयशाच्या दिवशी ते उच्चारले म्हणजे मुलास घरची वाटही बंद झाल्यासारखी होते. आपल्या राष्ट्राने ज्याला लोकमान्य म्हटले तोही पहिल्या वर्षी नापास झाला होता, आणि पुढल्या वर्षी पुन्हा त्याच वर्गात जाऊन बसला होता. तुमच्या मुलासही तसे जाऊन बसता यावे, एवढी सोय करणे आपणा सर्वांच्या हाती आहे. आणि ती येत्या दिवाळीच्या सुट्टीपूर्वी व्हावी, अशी आमची आग्रहाची मागणी आहे.